संगणकाच्या पोटातील विजेचे पाट

आमच्या वाचनालयात एक संगणक आहे. गावातील मंडळी त्याला ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. कोणी सातबारा पाहायला येते, कोणी मुलाचा निकाल पाहायला येते, कोणी अर्ज भरायला येते. यंत्र जुने आहे, पण गावाच्या फार उपयोगी पडते.

२०२२ सालची गोष्ट. आमच्या रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. मुलगी नाव लिही, गाव लिही, सारे ठीक चाले. पण कागदांचे फोटो चढवायला घेतले, की यंत्र फट्‌कन बंद होई आणि आपोआप पुन्हा सुरू होई. भरलेले सारे पुसून जाई. असे चार वेळा झाले. बाई म्हणाल्या, “गुरुजी, आमचंच नशीब फुटकं. यंत्र बी आमच्यावर रुसलंय.”

आम्ही तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने यंत्र पाहिले न पाहिले, आणि म्हणाला, “मदरबोर्ड गेला. हे टाकून द्या. चौदा हजारांत दुसरे देतो.” वाचनालयाजवळ चौदा हजार कोठून असणार? बाईंनी दोन दिवसांची मजुरी बुडवली, एस.टी.ने तालुक्याला गेल्या आणि शेवटच्या दिवशी अर्ज भरून आल्या.

पुढे आमचा एक जुना विद्यार्थी गावी आला. तो टी.व्ही. दुरुस्त करतो. त्याच्याजवळ मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजण्याचे लहान यंत्र होते. त्याने पाच मिनिटे मोजमाप केले आणि सांगितले, “गुरुजी, मदरबोर्डाला धाड भरलेली नाही. बारा व्होल्टचा पाट आटला आहे. एस.एम.पी.एस. बदला.” एस.एम.पी.एस. अठराशे रुपयांत आला. यंत्र आजही चालते आहे.

चौदा हजार कोठे आणि अठराशे कोठे! आम्ही शाळेत इतकी वर्षे गणित शिकवले, पण हे बारा व्होल्टचे गणित आम्हाला ठाऊक नव्हते. मग त्या मुलाजवळ बसून आम्ही ते समजून घेतले. ते तुम्हालाही समजावे म्हणून हा धडा लिहिला आहे. ह्यात अवघड असे काही नाही. ज्याने शेताला पाणी दिले आहे, त्याला हे सहज कळेल.

एस.एम.पी.एस. म्हणजे काय?

संगणकाची मोठी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्या मागच्या बाजूला जाड वायर लागते. ती वायर जेथे लागते, तेथे आत एक पत्र्याची डबी असते. तिला स्वतःचा पंखा असतो. डबीतून रंगीबेरंगी वायरींचा झुपका बाहेर येतो. हीच ती एस.एम.पी.एस. इंग्रजी नाव लांबलचक आहे. आपण तिला वीज वाटणारी डबी म्हणू.

तुमच्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब मोजण्याचे माप. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर अधिक. तसेच व्होल्ट जितके जास्त, तितका विजेचा जोर अधिक. शिवाय ही घरातील वीज एका दिशेने वाहत नाही. ती पुढे जाते, मागे येते. एका सेकंदात अशा ५० फेऱ्या होतात.

संगणकाचे आतले भाग फार नाजूक. त्यांना २३० व्होल्ट दिले तर ते क्षणात जळतील. त्यांना थोड्या दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. मोठ्या धरणाचे पाणी कोणी थेट वाफ्यात सोडत नाही. धरणातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून पाट, आणि पाटातून वाफा. तेव्हा कोठे पिकाला सोसेल असे पाणी मिळते. एस.एम.पी.एस. हेच काम करते.

तुमच्या मोबाइलचा चार्जर ह्याच जातीचा आहे बरे का! साधा चार्जर २३० व्होल्ट घेतो आणि ५ व्होल्ट देतो. फरक एवढाच, की साध्या चार्जरमधून एक पाट निघतो आणि संगणकाच्या डबीतून अनेक पाट निघतात. कारागीर त्यांना ‘व्होल्टेज रेल’ म्हणतात. विजेच्या आकृतीत एक लांब सरळ रेघ काढतात आणि तिला सारे भाग जोडलेले दाखवतात. ती रेघ रुळासारखी दिसते. पण आपण शेतकरी माणसे. आपण त्याला पाट म्हणू.

किती पाट आणि कोणत्या रंगाचे?

ही डबी कशी असावी ह्याचे नियम ‘ए.टी.एक्स.’ ह्या नावाने १९९५ साली इंटेल नावाच्या अमेरिकन कंपनीने घालून दिले. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. त्या नियमांत वायरींचे रंगही ठरवले आहेत. ते असे :

पिवळी वायर – १२ व्होल्ट.
लाल वायर – ५ व्होल्ट.
नारिंगी वायर – ३.३ व्होल्ट.
जांभळी वायर – ५ व्होल्ट, पण ही राखणीची वीज. तिच्याबद्दल पुढे सांगू.
निळी वायर – उणे १२ व्होल्ट.
काळी वायर – शून्य.

काही नव्या डब्यांच्या साऱ्याच वायरी काळ्या असतात. तेथे रंगावरून ओळख पटत नाही. वायर कोणत्या घरात बसली आहे त्यावरून ओळखावे लागते. ते काम जाणत्याचे.

आता तुम्ही विचाराल, शून्य म्हणजे काय? आणि उणे बारा ही काय भानगड?

तुमच्या घराचा ओटा ध्यानात आणा. ओटा ही आपली शून्य पातळी. ओट्यावर शिडी लावून बारा पायऱ्या वर चढलात, तर तुम्ही अधिक बारावर आहात. ओट्याच्या पातळीवरूनच विहीर खोदली असेल आणि तिच्या बारा पायऱ्या खाली उतरलात, तर तुम्ही उणे बारावर आहात. मोजायचे ते ओट्यापासून. संगणकात काळी वायर म्हणजे ओटा. साऱ्या वायरींचा दाब काळ्या वायरीपासून मोजतात. पिवळी वायर ओट्याच्या वर बारा पायऱ्या, निळी ओट्याच्या खाली बारा पायऱ्या. ह्या निळ्या पाटाचे काम आता फारसे उरलेले नाही. जुन्या तऱ्हेच्या काही जोडण्यांना तो लागे. पूर्वी पांढरी वायरही असे, उणे ५ व्होल्टची. ती आता गेली.

इतके पाट कशाला?

एकच पाट का नाही? ह्याला इतिहास आहे.

अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला घरगुती संगणक बाजारात आणला. त्याच्या डबीची ताकद होती फक्त ६३.५ वॉट. म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. त्या काळी संगणकातील बहुतेक चिपा, म्हणजे विचार करणारे लहान लहान भाग, ५ व्होल्टवर चालत. तबकडी फिरवणारी मोटर मात्र १२ व्होल्ट मागे. बुद्धीला पाच आणि अंगमेहनतीला बारा, असा हिशेब होता.

पुढे चिपा अधिक बारीक होत गेल्या. बारीक चिपांना ५ व्होल्ट सोसेनात. त्या तापू लागल्या. म्हणून ३.३ व्होल्टच्या चिपा आल्या, आणि १९९५ च्या नियमांत ३.३ व्होल्टचा नारिंगी पाट घालावा लागला.

आजचा मुख्य भाग, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो तर एका व्होल्टच्या आसपास चालतो. मग तुम्ही म्हणाल, डबीतून एक व्होल्टचाच पाट का काढत नाहीत? येथे एक गंमत आहे. नीट वाचा.

विजेची तीन मापे आहेत. व्होल्ट म्हणजे दाब. अँपिअर म्हणजे किती वीज वाहते ते. वॉट म्हणजे काम होण्याचा वेग. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट मिळतात. एवढे एक सूत्र पाठ करा. सारा धडा त्यावर उभा आहे.

समजा, प्रोसेसरला ६० वॉट हवे आहेत. १२ व्होल्टच्या पाटाने द्यायचे, तर ५ अँपिअर वाहतील, कारण बारा पंचे साठ. ५ व्होल्टच्या पाटाने द्यायचे, तर १२ अँपिअर वाहतील. आणि १ व्होल्टच्या पाटाने द्यायचे, तर तब्बल ६० अँपिअर वाहतील! जितके अँपिअर जास्त, तितकी वायर तापते. आणि ती साधी तापत नाही. अँपिअर दुप्पट झाले, तर उष्णता चौपट होते. ६० अँपिअरला मनगटाएवढी नसली तरी फार जाड वायर लागेल, आणि वाटेतच वीज वाया जाईल.

म्हणून काय करतात? वीज १२ व्होल्टने प्रोसेसरच्या अगदी दारापर्यंत नेतात, आणि तेथे मदरबोर्डावर बसवलेले लहान भाग तिचा दाब उतरवून एक व्होल्टच्या आसपास आणतात. हे तुम्हाला नवे नाही. गावाबाहेरून जी मोठी लाइन येते ती ११ हजार व्होल्टची. ती डी.पी.पर्यंत येते. डी.पी.वर दाब उतरतो, आणि मग २३० व्होल्ट तुमच्या घरात येतात. जे गावात तेच पेटीत. दूरवर न्यायचे ते चढ्या दाबाने, वापरायचे ते उतरत्या दाबाने.

२००० सालापासून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी जोडणी देण्याची पद्धत पडली. तेव्हापासून पिवळा पाट हाच मुख्य झाला. आज संगणक जी वीज खातो, तिच्यातील बहुतेक पिवळ्या पाटातून जाते. २०२० च्या सुमारास तर इंटेलने असा नमुना पुढे आणला, की डबीतून फक्त १२ व्होल्टच निघावेत. ५ आणि ३.३ लागतील तेथे मदरबोर्डानेच करून घ्यावेत. पण पुष्कळ संगणकांत अजून जुनी तऱ्हाच चालते.

डबीच्या आत काय होते?

आत चार कामे होतात.

पहिले काम, उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेला लावणे. दुसरे काम, ती साठवणे. आत कपॅसिटर नावाचे लहान डबे असतात. ते म्हणजे विजेचे हौद. त्यांत तीनशे व्होल्टच्याही वर दाबाची वीज साठते. तिसरे काम, ह्या विजेचे एका सेकंदात हजारो वेळा, लाखाच्या घरातही, तुकडे पाडून ती लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवणे. इतक्या झपाट्याने चालू-बंद केल्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा लहान पुरतो. चौथे काम, बाहेर येणारी वीज पुन्हा एका दिशेला लावून, गाळून, शांत करून पाटांत सोडणे.

आणि एक पहारेकरीही असतो. शेतात दारे धरणारा माणूस काय करतो? वाफ्यात पाणी जास्त झाले तर दारे बुजवतो, कमी झाले तर मोठे करतो. तसाच डबीतील एक भाग पाटांचा दाब सतत पाहत असतो, आणि कमी-जास्त झाले की आतील तुकडे लहान-मोठे करतो. काम वाढले तरी दाब तेवढाच राहावा, हा त्याचा खटाटोप.

पण स्वस्त डब्यांत एकाच पहारेकऱ्याकडे लाल आणि पिवळे असे दोन पाट असतात. एकाच जुवाला दोन बैल जुंपल्यासारखे ते होते. पिवळ्या बैलावर ओझे फार पडले की तो मागे राहतो. पहारेकरी दोघांनाही पुढे रेटतो. मग पिवळा थोडा सावरतो, पण लाल मात्र नको तितका पुढे जातो.

किती कमी-जास्त चालते?

दाब अगदी बाराच्या बारा राहत नाही. थोडे इकडे-तिकडे चालते. नियम शेकडा पाचाचा आहे. म्हणजे शंभराला पाच कमी किंवा पाच जास्त. आकडे असे :

१२ व्होल्ट : ११.४ ते १२.६ पर्यंत ठीक.
५ व्होल्ट : ४.७५ ते ५.२५ पर्यंत ठीक.
३.३ व्होल्ट : ३.१४ ते ३.४७ पर्यंत ठीक.

मधल्या टिंबाला भिऊ नका. ११.४ म्हणजे अकरा रुपये चाळीस पैसे वाचता तसेच वाचा. निळ्या उणे बारा व्होल्टला मात्र शेकडा दहाची सूट आहे.

आता आमच्या वाचनालयातील यंत्राचे काय झाले ते पाहा. त्या मुलाने मीटरची काळी कांडी काळ्या वायरीला लावली आणि लाल कांडी पिवळ्या वायरीला. यंत्र स्वस्थ बसले होते, तेव्हा मीटरने ११.७ दाखवले. “हे ठीक आहे,” तो म्हणाला. मग त्याने यंत्राला भारी काम दिले. मीटर खाली खाली गेले. ११.५, ११.३, ११.१! आणि यंत्र फट्‌कन बंद पडून पुन्हा सुरू झाले. त्याच वेळी लाल वायर ५.२ दाखवत होती. एक बैल मागे, एक पुढे.

म्हणून नाव लिहिताना यंत्र चाले आणि फोटो चढवताना पडे. हलक्या कामाला पाट पुरे, भारी कामाला पुरेना. रिकाम्या गाडीवरून बैलाची पारख होत नाही. ती भरल्या गाडीवरून होते. तसेच विजेचे. दाब मोजायचा तो यंत्र कामात असताना.

आणि ते आपोआप पुन्हा का सुरू होई? डबीतून एक करडी वायर निघते. सारे पाट ठीक आहेत तोवर ती मदरबोर्डाला ‘सर्व ठीक’ असा निरोप देत असते. निरोप थांबला की मदरबोर्ड काम थांबवतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणजे यंत्र रुसले नव्हते. ते स्वतःचा बचाव करत होते.

डबी का थकली? जुन्या डबीत धूळ साचली होती. पंखा अडखळत होता. उष्णतेने आतले कपॅसिटर सुकतात, त्यांची डोकी फुगतात. हौद गळका झाला, की पाटाला धार कोठून राहणार?

चिठ्ठी वाचायला शिका

प्रत्येक डबीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाने ती अवश्य वाचावी. आमच्या जुन्या डबीवर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ लिहिले होते. आम्हाला वाटे, ४५० वॉटची भक्कम डबी आहे. पण खाली बारीक अक्षरांत काय होते?

१२ व्होल्ट – १६ अँपिअर.
५ व्होल्ट – २८ अँपिअर.
३.३ व्होल्ट – २० अँपिअर.
जांभळी ५ व्होल्ट – २ अँपिअर.
उणे १२ व्होल्ट – अर्धा अँपिअर.

आता आपले सूत्र लावू. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे मुख्य पिवळ्या पाटात अवघे १९२ वॉट! पाच अठ्ठावीस एकशे चाळीस. ३.३ गुणिले २० म्हणजे ६६. जांभळ्याचे १०. उणे बाराचे ६. सारे मिळवा. १९२, १४०, ६६, १० आणि ६. बेरीज होते ४१४. मोठ्या अक्षरांतले ४५० काही भरत नाहीत. शिवाय सगळे पाट एकाच वेळी पूर्ण भरून वाहतील असेही नसते. आतला हौद एकच असतो. लाल आणि नारिंगी पाट तर बहुधा एकाच हिश्शातून पाणी घेतात. म्हणून चांगल्या चिठ्ठीवर ‘ह्या दोघांत मिळून इतकेच वॉट’ असे स्पष्ट लिहिलेले असते.

नव्या डबीवर ‘३५०’ लिहिले आहे, पण १२ व्होल्टला २५ अँपिअर आहेत. बारा पंचवीस तीनशे. म्हणजे मोठ्या आकड्याच्या जुन्या डबीपेक्षा लहान आकड्याची नवी डबी मुख्य पाटात १०८ वॉट अधिक देते. म्हणून मोठ्या अक्षरांना भुलू नका. बारीक अक्षरे वाचा. कर्जाचा कागद असो, बियाण्याची पिशवी असो, नाहीतर ही डबी असो, खरी गोष्ट बारीक अक्षरांतच असते.

कधी चिठ्ठीवर १२ व्होल्टचे दोन रकाने दिसतात, पहिला पाट आणि दुसरा पाट. वाड्याला मीटर एक असले, तरी खोलीखोलीला वेगळा फ्यूज घालतात. एका खोलीत वायरी चिकटल्या, तर साऱ्या वाड्याला आग लागू नये. हे तसेच आहे. २००३ च्या सुमारास नियम असा होता, की १२ व्होल्टच्या एका पाटात २४० वॉटच्या वर, म्हणजे २० अँपिअरच्या वर, वीज जाऊ देऊ नये. पुढे ही सक्ती राहिली नाही. आता कोणी एकच मोठा पाट ठेवतात, कोणी दोन-चार ठेवतात. दोन्ही चालतात. मात्र दोन पाटांचे अँपिअर सरळ मिळवून हुरळून जाऊ नका. दोघांत मिळून किती, तो आकडा वेगळा शोधा.

काही डब्यांवर ‘८० प्लस’ असे चिन्ह असते. ही परीक्षा २००४ साली सुरू झाली. भिंतीतून १०० वॉट घेतले, तर त्यांतले निदान ८० तरी कामी यावेत, असा तिचा अर्थ. उरलेले २० उष्णतेत जातात. उष्णता कमी तर डबीचे आयुष्य जास्त, आणि विजेचे बिलही कमी.

बंद यंत्रातही वीज असते

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो.

यंत्र बटणाने बंद केले म्हणजे वीज गेली, असे समजू नका. जांभळी वायर राखणीला असते. भिंतीतील वायर लागली आहे आणि भिंतीवरचे बटण चालू आहे, तोवर जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट असतातच. तुम्ही पुढचे बटण दाबले हे मदरबोर्डाला ह्या राखणदारामुळेच कळते. मग तो हिरव्या वायरीतून डबीला ‘चल, ऊठ’ असा निरोप देतो. म्हणून पेटी उघडायची असेल, तर आधी भिंतीतून वायर काढा.

आणि डबी? ती तर कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या हौदात काही वेळ तीनशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. तिचा धक्का जीव घेऊ शकतो. डबी बिघडली तर बदलावी. तिच्यात हात घालण्याचे धाडस करू नये. बाहेर येणाऱ्या पाटांचा दाब १२ व्होल्टच्या वर नाही. तरी तेथेही दोन वायरी एकमेकींना लागल्या तर ठिणगी उडते, भाग जळतात. मोजमाप जाणत्याने करावे. आपण शेजारी उभे राहून आकडा वाचावा.

पेटीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, असे पुष्कळ जण सांगतात. त्याचे कारण बहुधा अर्थिंग नसणे हे असते. तीन पायांच्या पिनेतील जाड पाय जमिनीचा. तो कोणी तोडून टाकतात, कोणी भिंतीतच जोडत नाहीत. मग जी थोडी वीज जमिनीत जायची, ती तुमच्या अंगातून जाते. तेव्हा आधी अर्थिंग करून घ्या.

जुन्या काही डब्यांच्या मागे लहान लाल बटण असते. त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. ११५ हे अमेरिकेसारख्या देशांसाठी. आपल्याकडे ते २३० वरच हवे. पोराने खेळताना ते ११५ वर सरकवले आणि वीज लावली, तर डबी फटाक्यासारखी उडेल.

शेवटी

त्या बाईंची मुलगी आता कॉलेजात शिकते. अर्ज वेळेत गेला म्हणून शिष्यवृत्ती मिळाली. पण दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे बुडाले ते बुडालेच. ते आमच्या अज्ञानामुळे बुडाले, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही. नव्या डबीची चिठ्ठी आम्ही रात्रीच्या वर्गात फळ्यावर लिहिली, तेव्हा बारा पंचवीस तीनशे हे उत्तर सर्वांआधी त्या बाईंनीच दिले. मग म्हणाल्या, “गुरुजी, एवढंच हुतं व्हय? हे तर भाजीच्या हिशेबावाणी हाय.”

खरेच, एवढेच आहे. भाव आणि वजन ह्यांचा गुणाकार जसा, तसाच व्होल्ट आणि अँपिअर ह्यांचा.

ध्यानात ठेवा :

१. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॉट.
२. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, काळी शून्य.
३. शेकडा पाचाच्या बाहेर दाब गेला, तर डबी तपासा.
४. दाब मोजायचा तो यंत्र कामात असताना.
५. चिठ्ठीवरील मोठ्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टचे अँपिअर पाहा.
६. पेटी उघडण्याआधी भिंतीतून वायर काढा. डबी कधीही उघडू नका.

करून पाहा : एका डबीवर १२ व्होल्टला १८ अँपिअर लिहिले आहेत. दुसरीवर २२ लिहिले आहेत. दोन्हींचे वॉट काढा. दुसरी डबी किती वॉट अधिक देईल? उत्तर पाटीवर लिहा आणि शेजाऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहा.